पंडिता रमाबाईंची ‘साक्ष’ : पापजाणीव आणि करुणा

पंडिता रमाबाईंविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे त्याचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एका वर्गाला १८८२ साली ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिणाऱ्या, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची दुःस्थिती अमेरिकन वाचकांपुढे ठेवणाऱ्या आणि १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन काढणाऱ्या रमाबाई हव्या असतात. केडगावच्या रमाबाईंपाशी आल्यावर या वर्गाची लेखणी अडखळते. बुद्धिमान समाजसुधारिका प्रार्थनेत आणि पापपुण्याच्या भाषेत हरवली, असा खेद थोड्याफार फरकाने तेथे व्यक्त झालेला असतो. दुसऱ्या वर्गाला नेमक्या याच केडगावच्या रमाबाई हव्या असतात. त्याच्या दृष्टीने आधीचे सारे आयुष्य म्हणजे केवळ पूर्वरंग. देवदत्त नारायण टिळक यांच्या ‘महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई’ (१९६०) या चरित्राने मराठी वाचकाला ते आयुष्य सलग पाहण्याची सोय करून दिली. पुढे मीरा कोसंबी, उमा चक्रवर्ती, गौरी विश्वनाथन् यांच्या इंग्रजी लेखनाने धर्मांतराचा प्रश्न अधिक सूक्ष्मपणे मांडला. तरीही सर्वसामान्य समजुतीतील ही फूट भरून निघालेली नाही. रमाबाईंना स्वतःच्या पापाची जाणीव झाली तेव्हा त्यांची इतरांविषयीची करुणा वाढली की आटली, असा या फुटीच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. त्याचे उत्तर प्रथम त्यांच्या स्वतःच्या लेखनात शोधावयास हवे.

या दृष्टीने त्यांनी १९०७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केलेली साक्ष महत्त्वाची ठरते. तिच्या मथळ्याचा आशय ‘आमच्या अक्षय ठेव्याविषयीची साक्ष’ असा सांगता येईल. ‘आमच्या’ हे सर्वनाम लक्षात घेण्यासारखे आहे. लेखन आत्मपर आहे, पण ठेवा एकटीचा नाही. केडगावच्या मुक्ती सदनातील सर्व कुटुंबाच्या वतीने ती बोलत आहे. ‘साक्ष’ हा शब्द मराठीत कचेरीतला आहे तसाच ख्रिस्ती मंडळीतलाही आहे. साक्षीदाराने युक्तिवाद करावयाचा नसतो; पाहिले आणि घडले तेवढेच सांगावयाचे असते. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्राशी ताडून पाहिले असता हा फरक चांगला ध्यानात येतो. पदमनजींचा प्रवास पुष्कळसा वादाचा, वाचनाचा, शंका आणि शंकानिरसनाचा आहे. रमाबाईंनीही वाद पुष्कळ केले. नीलकंठशास्त्री ऊर्फ फादर नेहेम्या गोरे यांच्या विवेचनाने आपली बौद्धिक खात्री पटल्याचे ऋण त्या मोकळेपणाने मान्य करतात. परंतु साक्षीत या वादांना जागा थोडी आहे.

प्रॉटेस्टंट संप्रदायातील साक्षीचा एक ठरीव क्रम असतो. आधी पापाची जाणीव, मग नैराश्य, मग कृपेचा अनुभव, आणि सर्वांत शेवटी कृतज्ञतेपोटी केलेली सेवा. स्वतःला पतित म्हणवून घेणे मराठी वाचकाला काही नवे नाही. संतांच्या अभंगांतून ही आत्मनिर्भर्त्सना शतकानुशतके कानांवर पडत आलेली आहे. पण संतांच्या आर्ततेला सहसा तारीख नसते. ती एका जन्माची नित्य अवस्था आहे. साक्षीतील पापजाणिवेला मात्र तारीख असते, तिच्या आधी एक आयुष्य आणि नंतर दुसरे आयुष्य असते. रमाबाईंनी हा सांप्रदायिक साचा स्वीकारला खरा, पण त्यांच्या जीवनातील घटना त्या साच्यात नीट बसत नाहीत, आणि त्या बसविण्यासाठी त्यांनी तारखांची ओढाताण केलेली नाही. १९०७ च्या साक्षीचे वाङ्मयीन मूल्य प्रथमतः या प्रामाणिकपणात आहे.

घटनाक्रम असा. पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन फेब्रुवारी १८८२ मध्ये झाले. १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेसह रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनीमंडळात राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी तेथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापूर्वी भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथील आपल्या आश्रमात काही काळ पाठविले होते. समाजाने ज्यांना ‘पतित’ म्हणून टाकून दिले होते अशा स्त्रियांना तेथे आसरा मिळे. या स्त्रिया बदललेल्या रमाबाईंनी पाहिल्या. एवढेच नव्हे, तर त्यांतील काही जणी आता दुसऱ्यांची शुश्रूषा करीत होत्या. अशा स्त्रियांसाठी काही करावे, करता येते, हे आपल्याला तेथे प्रथम कळले, असे त्या नमूद करतात. हे लोक असे का करतात, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली.

येथे पापजाणीव आहे, पण ती स्वतःच्या पापाची नाही. आधी दिसली ती करुणा, तीही दुसऱ्यांनी तिसऱ्यांवर केलेली. रमाबाई या दृश्याच्या कडेला उभ्या आहेत. आणि या कडेवरूनच त्या आत ओढल्या जातात, कारण भारतातील स्त्रीला, ब्राह्मणकुळात जन्मूनही मोक्षाचा स्वतंत्र अधिकार नसलेल्या स्त्रीला, म्हणजे पर्यायाने स्वतःला, येथे जागा आहे असे त्यांना दिसले. साक्षीच्या ठरीव क्रमात जे शेवटी यावयाचे ते येथे प्रारंभीच आले आहे.

ज्या कथेने हे घडले तिच्याकडे थोडे बारकाईने पाहणे अवश्य आहे. योहानाच्या या अध्यायात येशू दुपारच्या वेळी थकून विहिरीपाशी बसलेला आहे आणि पाणी भरावयास आलेल्या परक्या स्त्रीकडे तो पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहुदी माणसाने शोमरोनी बाईच्या हातचे पाणी मागावे हे रूढीला सोडून होते. आपल्याकडील वाचकाला यावर टीप लागत नाही. तिच्या पूर्वायुष्याचा, पाच नवऱ्यांचा, उल्लेख या मागणीनंतर येतो, आणि तो येतो तेव्हा त्यात संताप नाही. शेवटी ती घागर तेथेच टाकून गावात जाते आणि लोकांना सांगते. तिच्या साक्षीवरून पुष्कळांचा विश्वास बसतो. तेव्हा या कथेत देणारा प्रथम मागणारा आहे, आणि जी पापी म्हणून ओळखली जाते तीच साक्षीदार होते. प्रवचनकार बहुधा मधल्या भागावर, पाच नवऱ्यांवर, भर देतात. रमाबाईंच्या मनात मात्र तिरस्कार न करणारी ती वागणूकच ठसली.

यानंतरची आठ वर्षे साक्षीत थोडक्यात उरकली आहेत. ए. बी. शहा यांनी संपादित केलेला रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावरून ही पोकळी पुष्कळ भरून काढता येते. पापाचे नाव कोणी ठेवावयाचे, हा या पत्रांतील एक महत्त्वाचा वाद आहे. सिस्टर जेराल्डिन यांना आपल्या मानसकन्येत गर्व दिसत होता. धर्मसिद्धांत निमूटपणे न स्वीकारणे हा गर्व. मांसाहार न करणे हा जुन्या जातीचा अवशेष, म्हणजे तोही गर्वच. तरुणांच्या वर्गाला शिकविण्यास बिशपांनी हरकत घेतली असता ती हरकत न मानणे हाही गर्व. रमाबाईंनी हे आरोप मान्य केले नाहीत. आपल्याला विवेकबुद्धी आहे आणि ती कोणाच्या हाती सोपविण्यासाठी आपण धर्मांतर केलेले नाही, असा त्यांच्या उत्तरांचा रोख आहे. त्यांचे शाकाहाराचे व्रत पुढेही सुटले नाही. या पत्रांत जेराल्डिनबाईंवर केवळ अन्यायी म्हणून शिक्का मारणे सोपे आहे. त्यांची माया खरी होती, मनोरमेवरचा जीवही खरा होता. तथापि दुसऱ्याच्या पापाची यादी करण्याची घाई करुणेला कशी गिळून टाकते, याचा इतका बोलका पुरावा मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात अन्यत्र क्वचितच मिळेल.

१८९१ च्या सुमारास, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, रमाबाईंच्या जीवनात दुसरे वळण आले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, अशी जाणीव त्यांना झाली. इंग्लंडमधील हॅस्लम नावाच्या एका धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. पाळक झाल्यानंतर कित्येक वर्षांनी त्याचे खरे परिवर्तन झाले होते. त्यात रमाबाईंना स्वतःची अवस्था दिसली. आपण पापी आहोत, सत्कृत्यांच्या बळावर तरणार नाही, इतरांहून आपण बऱ्या आहोत हा अभिमान सोडला पाहिजे, अशी त्यांची कबुली साक्षीत आहे. नेमके याच वेळी शारदा सदन भरभराटीस आलेले होते. स्त्रियांसाठी एवढे काम करणाऱ्या व्यक्तीने सत्कृत्यांची व्यर्थता सांगावी, यातला विरोध सुधारक वाचकाला रुचत नाही, आणि तो न रुचणे समजण्याजोगे आहे.

परंतु येथे टीकाकाराची अडचण वेगळीच आहे. साक्षीतील हा भाग, जो तिचा कळस असावयास हवा, तोच लेखनाच्या दृष्टीने दुबळा आहे. पाप म्हणजे कोणते पाप, हे रमाबाई सांगत नाहीत. एकामागून एक शास्त्रवचने येतात, आणि त्या वचनांच्या आड लेखिका दिसेनाशी होते. फुलहॅमचा आश्रम डोळ्यांपुढे उभा करणारी लेखणी आपल्या अंतःकरणाशी आल्यावर सर्वसाधारण विधाने करू लागते. संकोच हे एक कारण असू शकेल. १८९३ च्या वादळानंतर प्रत्येक शब्द विरोधकांच्या हाती पडणार याची जाणीव, हे दुसरे. सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून ते वादळ उठले. ‘केसरी’ने हा प्रश्न लावून धरला, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. एवढे सोसलेल्या व्यक्तीने आपले दोष तपशीलवार जाहीर करावेत अशी अपेक्षा करणे कदाचित निर्दयपणाचे होईल. तरी वाचकाची उणीव उणीवच राहते. ज्या पापावर जय मिळविला ते पाप कळल्याशिवाय जयाचे मोल कळत नाही.

ही उणीव रमाबाईंनी आणखी एका ठिकाणी भरून काढली आहे, आणि हे अभ्यासकांच्या पुरेसे लक्षात आलेले दिसत नाही. १८९७ च्या सुमारास, मध्य प्रांतातील दुष्काळाच्या वेळी, त्यांनी आपल्या बालपणीच्या दुष्काळाचे अनुभव इंग्रजीत लिहिले. हेतू व्यावहारिक होता. उपाशी मुलींसाठी मदत मिळवावयाची होती. त्यामुळेच की काय, या लेखनात धर्मशास्त्रीय परिभाषा कमी आणि वस्तू अधिक आहेत.

अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराणकथनावर निर्वाह करीत असे. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. भांडी, दागिने, वस्त्रे, जे काही होते ते विकले गेले. आपण कष्टाचे काम करण्यास शिकलो नव्हतो आणि भीक मागण्यास अभिमान आड येत होता, असे रमाबाई स्पष्ट लिहितात. वृद्ध, अंध पित्याने पवित्र तळ्यात देह ठेवण्याचा निश्चय केला. त्या वेळी भाऊ श्रीनिवास पुढे झाला. जातीचा अभिमान सोडून मजुरी करीन, पण आईबापांना पोसीन, असे तो म्हणाला. रमाबाईंनी भावाच्या या शब्दांना जे महत्त्व दिले आहे ते लक्षणीय आहे. कुटुंबात अभिमानाचे बंधन प्रथम तोडले ते भावाने. आणि ते तोडण्यामागे तत्त्वचर्चा नव्हती, समोर मरू घातलेली माणसे होती.

पिता गेला, आणि थोड्याच अवधीत आई अंथरुणाला खिळली. तिच्या तोंडी घालण्यासाठी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागावा म्हणून मुलगी शेजारच्या बाईकडे गेली. तिच्या तोंडून शब्द फुटेना. डोळ्यांतले पाणी आवरता आवरेना. त्या बाईने आपण होऊन विचारले आणि दिले. भाकरी घेऊन ती परतली, पण ती आईच्या उपयोगी पडली नाही.

साक्षीत जे पाप नुसते विधान म्हणून आले आहे ते येथे एका न पसरल्या गेलेल्या हाताच्या रूपाने दिसते. उपाशी मुलीच्या लाजेला पाप म्हणावे काय, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि सामान्य नीतीच्या दृष्टीने त्याचे उत्तर नकारार्थीच द्यावे लागेल. रमाबाईही त्या मुलीला दोष देत नाहीत. पण ज्या विद्येने आणि ज्या कुळाच्या प्रतिष्ठेने त्या मुलीचा हात आणि जीभ बांधून टाकली होती, तिला मात्र त्यांनी पुढे आयुष्यभर दोष दिला. ‘गर्व’ हा शब्द जेराल्डिनबाईंनी वापरला तेव्हा त्यांनी तो झिडकारला. १८९१ नंतर तोच शब्द त्यांनी स्वतः उच्चारला. यात विसंगती वाटेल, पण ती नाही. जेराल्डिनबाईंना अभिप्रेत असलेला गर्व वरिष्ठांपुढे मान न तुकविण्याचा होता. रमाबाईंना सोडावयाचा होता तो खालच्यांकडे हात न पसरण्याचा. दोन्हींना एकच नाव असल्यामुळे चरित्रकारांचा गोंधळ झाला आहे, आणि धर्मसंस्थांनाही हा गोंधळ सोयीचा वाटत आलेला आहे.

अशा रीतीने दोन्ही लेखने शेजारी ठेवून वाचली म्हणजे १८९६–९७ चे कार्य वेगळे दिसू लागते. दुष्काळग्रस्त भागात त्या गेल्या तेव्हा स्वतःची भूक त्यांच्या स्मरणात होती, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. मदतछावण्यांतून व अनाथगृहांतून मुली कशा फसविल्या जातात, मुली पळविणारे दलाल तेथे कसे टपून असतात, हे त्यांनी पाहिले आणि जमतील तितक्या मुली आपल्याबरोबर आणल्या. पुण्यात प्लेग सुरू झाल्यामुळे नव्या मुलींना शहरात ठेवण्यास बंदी झाली, तेव्हा केडगावच्या शेतावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती शेकड्यांवरून दोन हजारांच्या घरात गेली. या काळात रमाबाई प्रार्थनेत गुंग होऊन सार्वजनिक प्रश्नांपासून दूर गेल्या, हा समज खरा नाही. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची काय अवस्था होते याविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात उघडपणे लिहिले, आणि सरकारी अधिकाऱ्यांचा रोष पत्करला. स्वतःच्या पापाविषयी बोलणारी व्यक्ती सरकारच्या पापाविषयी गप्प बसते असा नियम नाही.

केडगावला उभ्या राहिलेल्या सदनांतील कृपासदन या विवेचनात विशेष महत्त्वाचे आहे. ‘पतित’ ठरविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ते होते, म्हणजे फुलहॅमच्या आश्रमाची ती मराठी मातीतील आवृत्ती होती. शारदा सदनाच्या आरंभीच्या काळात असे गृह काढणे शक्य नव्हते. सवर्ण विधवांच्या पालकांनी ते सहन केले नसते. १८९३ मध्ये प्रतिष्ठित समाजाचा आधार तुटला तेव्हा रमाबाईंचे नुकसान झाले, हे खरे. पण प्रतिष्ठितांच्या संमतीची गरज संपल्यामुळेच त्यांना ज्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते अशांकडे वळता आले, हेही तितकेच खरे. दृष्टिहीन मुलींना ब्रेल लिपी शिकविण्याचे काम मनोरमाबाईंनी अंगावर घेतले तेही याच वस्तीत. पापजाणिवेने करुणा आटली, या आक्षेपाला केडगावची ही सदने हेच पुरेसे उत्तर आहे.

याचा अर्थ साक्षीवर आक्षेप घेण्यासारखे काही नाही असा नव्हे. हिंदू धर्माविषयी तिच्यात जी विधाने आहेत त्यांत स्वानुभवाची धार आहे, पण न्यायबुद्धी सर्वत्र नाही. ज्या वारकरी परंपरेत स्त्रियांनी आणि शूद्रातिशूद्रांनी देवाशी थेट बोलणे केले तिची दखल या संस्कृत पंडितेने घेतलेली नाही. शास्त्रग्रंथांचा निकाल हाच त्यांच्या दृष्टीने धर्माचा निकाल. त्याहून गंभीर प्रश्न १९०५ च्या घटनांविषयीचा आहे. त्या वर्षाच्या आरंभी सुमारे सत्तर जणी रोज सकाळी प्रार्थनेस जमू लागल्या, आणि सहा महिन्यांनी मुक्ती सदनात आध्यात्मिक संजीवनाची लाट आली. मुली रडल्या, त्यांनी पापे कबूल केली, रात्ररात्र प्रार्थना चालल्या. साक्षीत हे सारे विजयाच्या स्वरात आले आहे. पण दुष्काळात आईबाप गमावून आलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीने कोणते पाप कबूल करावयाचे होते? तिच्यावर जगानेच पाप केले होते. तिच्या हुंदक्यांत पश्चात्ताप किती आणि न बोललेला शोक किती, हे ठरविण्यास साक्षीत काहीच साधन नाही, कारण त्या मुलींचा आवाज तिच्यात येत नाही. मथळ्यातील ‘आमच्या’ हे सर्वनाम येथे अपुरे पडते. ज्या मुलींना अन्नाबरोबरच धर्मही मिळाला त्यांना निवड करण्यास कितपत अवकाश होता, हा ‘केसरी’ने वेगळ्या हेतूने विचारलेला प्रश्नही यामुळे पुसला जात नाही. रमाबाईंनी स्वतःच्या विवेकबुद्धीसाठी वाँटेजशी जो झगडा केला त्याची आठवण ठेवून वाचणाऱ्याला ही शांतता खटकते.

या बाबतीत लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) आठवल्यावाचून राहत नाही. लक्ष्मीबाईंनाही जन्मजात सोवळे सोडावयाचे होते. त्यांनी ते कसे, किती कुरकुरत, किती टप्प्यांनी सोडले, हे सारे तेथे आले आहे, आणि त्यात स्वतःला हसणे आहे. पाप हा शब्द त्यांना फारसा लागत नाही. दोष दिसतो, तो सुटताना दिसतो, आणि तो सुटल्यावर घरात अनाथ मुले आलेली दिसतात. रमाबाईंच्या साक्षीत हसू नाही. ज्या मुलीने भाकरीसाठी दारात उभे राहून शब्द गिळले तिच्याकडून हसण्याची अपेक्षा करणेही योग्य नव्हे. दोघींच्या लेखनाचा धर्म निराळा आहे आणि मराठी गद्याने दोन्हींचे ऋण मानावयास हवे. मात्र कलाकृती म्हणून ‘स्मृतिचित्रे’ कितीतरी वरच्या पायरीवर आहेत, याविषयी शंका नाही.

रमाबाईंच्या आयुष्याची शेवटची वर्षे बायबलच्या भाषांतरात गेली. हिब्रू आणि ग्रीक भाषा त्यांनी त्यासाठी अभ्यासिल्या. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये बाहेर आले. या भाषांतराला मराठी वाङ्मयात मान मिळाला नाही, आणि तो न मिळण्यास कारणे आहेत. मूळ शब्दांना धरून राहण्याच्या आग्रहामुळे वाक्ये अवघडतात, मराठीची लय तुटते. परंतु त्याच्या शब्दनिवडीचा विचार साक्षीच्या संदर्भात अजून व्हावयाचा आहे. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला तिच्या संस्कृतासाठी ‘सरस्वती’ ही पदवी दिली, तिने येथे संस्कृतप्रचुर धार्मिक शब्द हेतुपूर्वक टाळले. जुन्या कल्पना त्या शब्दांना चिकटलेल्या आहेत, हे एक कारण. केडगावच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलींना ते कळणार नाहीत, हे दुसरे. जन्मभर जी एकच मिळकत म्हणून जपली, आणि जिच्या अभिमानापायी दुष्काळात हात पसरता आला नाही, ती विद्या बाजूस ठेवून त्या पानापानाला साधा शब्द शोधीत राहिल्या. फुलहॅमला दुसऱ्याच्या तोंडून इंग्रजीत ऐकलेला योहानाचा चौथा अध्यायही या कामात त्यांच्या वाट्याला आला, आणि विहिरीपाशी बसून पाणी मागणाऱ्याचे बोलणे ज्या मुलींच्या डोक्यावर रोज घागर असे त्यांच्या मराठीत त्यांना उतरवावे लागले.